सही मागितली की बायका मागे सरतात, मदत हवी आहे
ह्यूस्टनमध्ये एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) करतेय. संशोधनाचा विषय: मेक्सिको, होंडुरासहून आलेल्या बायकांपर्यंत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी का पोचत नाही. पैसा हे कारण उघडच आहे, टेक्सासने मेडिकेडचा (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा) विस्तार केलेला नाही. २०२४ पासून दवाखान्यात स्वतःच नमुना घ्यायचीही सोय झाली, पण दवाखान्यापर्यंत यायला तर हवं! माझं घोडं मात्र मुलाखतीच्या संमतीपत्रावर अडलंय. परवा एक मावशी अर्धा तास मनमोकळं बोलल्या. कागद पुढे केला, तर पेन खाली ठेवून पर्स उचलली. सोबतची प्रोमोतोरा (तिकडची आशाताईच म्हणा) म्हणाली, सही मागूच नकोस. फक्त तोंडी संमती घ्यायला आयआरबीकडून (संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीकडून) कुणी परवानगी मिळवली आहे का? अर्जात कारण काय लिहिलंत? आणि व्हिसा-कागदपत्रांचा विषय न निघता विम्याबद्दल कसं विचारायचं?