घेतल्या दिवशीच स्टील बोल्ट टाका, हा सल्ला ग्वाल्हेरात देऊ नका

लष्करवाला

काल कंपूकरांनी आपल्या एअरसॉफ्टच्या, म्हणजे प्लास्टिकचे छर्रे उडवणाऱ्या खेळाच्या बंदुकांच्या ग्रुपवर एक पोस्ट टाकली. तिचा सारांश असा: "गॅस ब्लोबॅक एसएमजी ग्वाल्हेरच्या हवेत भरवशाची नाही. घेतल्या दिवशीच स्टील बोल्ट, ६.०१ चं इनर बॅरल आणि दीडपट कडक रिकॉइल स्प्रिंग टाका, मगच मैदानात उतरा." नव्यांसाठी: एसएमजी म्हणजे छोटी सबमशिनगन. गॅस ब्लोबॅकमध्ये गॅसच्या दाबाने बोल्ट, म्हणजे आतला सरकता धातूचा ठोकळा, प्रत्येक शॉटला मागे जातो आणि रिकॉइल स्प्रिंग त्याला पुढे आणते. ६.०१ हा नळीचा आतला व्यास, मिलिमीटरमध्ये. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागलीय आणि नवी पोरं पार्ट मागवायला निघालीत. म्हणून सविस्तर लिहितोय, कारण हे तिन्ही पार्ट एकदम टाकले तर चांगली चालणारी बंदूक बंद पडते.

एमपी-७ असो वा एमपी-९, या छोट्या गॅस ब्लोबॅक (जीबीबी) बंदुका अडतात त्या बहुतेक वेळा मॅगझीनमुळे. गॅस वाया जायच्या जागा चारच. गॅस भरायचा फिल व्हॉल्व्ह, गॅस सोडायचा आउटपुट व्हॉल्व्ह, तळाच्या प्लेटखालची सील आणि वरचं, गॅस बंदुकीत जातो त्या तोंडाचं (गॅस रूटचं) रबर. पहिल्या तिन्ही ठेवल्या जागी गळतात. चौथं रबर गळत नाही, पण ते नोझलच्या (छर्रा पुढे ढकलणाऱ्या बोल्टमधल्या नळीच्या) तोंडाशी घट्ट बसलं नाही तर प्रत्येक शॉटला अर्धा गॅस बाजूने निघून जातो, बोल्ट अर्ध्यातून परततो आणि लोक म्हणतात बोल्ट बदला.

तपासणी सोपी आहे. मॅगझीन भरा, पाण्याच्या बादलीत उभं बुडवा, बुडबुडे कुठून येतात ते बघा. व्हॉल्व्हमधून येत असतील तर उरलेला गॅस पूर्ण सोडून द्या, व्हॉल्व्ह-कीने व्हॉल्व्ह काढा, त्याच्या ओ-रिंगला (रबरी कडीला) सिलिकॉन तेलाचा एक थेंब लावा आणि परत बसवा. टेकल्यावर जोर लावू नका, पितळी आटे लगेच जातात. ठेवताना मॅगझीनमध्ये थोडा गॅस राहू द्या. पूर्ण रिकामं ठेवलं की सील जागेवरून सैल होते.

आता स्टील बोल्ट. वजन वाढलं की तो मागे ढकलायला गॅस जास्त लागतो. गॅस जास्त उडाला की मॅगझीन लवकर गार होतं आणि दाब पडतो. हिशेब करा: तीन ग्रॅम प्रोपेन उडालं तर साधारण एक किलोज्यूल उष्णता जाते. तीनशे ग्रॅम झिंकचं मॅगझीन तेवढ्यात आठ-नऊ अंश गार होतं. त्यात कडक स्प्रिंग टाकली तर जानेवारीत सकाळी पाच अंशांत बोल्ट पूर्ण मागेच जाणार नाही. व्हॉल्व्हवर आपटणारा हॅमर मागे जाऊन अडकत नाही (कॉक होत नाही), किंवा नोझल छर्ऱ्याच्या मागे पोचत नाही आणि नुसता फुसका आवाज येतो.

कंपूकर

उत्तर देतो. माझ्या पोस्टमधली अर्धीच गोष्ट इथे आलीय. मूळच्या झिंकच्या बोल्टवर बोल्ट-कॅच (मॅगझीन संपलं की बोल्ट मागे धरणारी कडी) अडकायची खाच असते, तिची धार गोल होते. मग शेवटच्या छर्ऱ्यानंतर बोल्ट थांबत नाही आणि रिकाम्या चेंबरवर आदळत राहतो. हॅमर घासून घासून बोल्टच्या पोटाखाली चर पडते, ती वेगळीच. हे मॅगझीनच्या सीलने बरं होणार आहे का? स्टील बोल्ट टाकला की विषय संपला. आणि गॅसचं रडगाणं हिवाळ्यापुरतं आहे. आपल्याकडे आठ महिने उन्हाळा असतो, दाब हवा तेवढा मिळतो.

मुरार मेकॅनिक

दाब हवा तेवढा नाही, नको तेवढा मिळतो, आणि दोघंही त्यावर बोलत नाही आहात. ग्रीन गॅस म्हणजे प्रोपेन आणि थोडं सिलिकॉन तेल. वीस अंशांना साधारण ८.४ बार, पंचेचाळीसला १५ च्या वर. मे महिन्यात बंद गाडीत मॅगझीन ठेवलं आणि ते साठ अंशांपर्यंत गेलं तर २१ बार. एवढ्या दाबाला हॅमर व्हॉल्व्ह उघडूच शकत नाही. ट्रिगर दाबला की टक् आवाज येतो, बाकी काही नाही. त्याला व्हॉल्व्ह लॉक म्हणतात आणि लोक त्यालाही "बंदूक बिघडली" म्हणतात.

उन्हाळ्यात १३४ए, म्हणजे गाड्यांच्या एसीतला गॅस वापरा. चाळीस अंशांना १३४ए चा दाब साधारण १०.२ बार असतो, म्हणजे प्रोपेनचा सत्तावीस-अठ्ठावीस अंशांना असतो तेवढा. मारुई या जपानी कंपनीच्या बंदुका तिथल्या याच गॅसवर बेतलेल्या आहेत. हाच गॅस जानेवारीत पाच अंशांना जेमतेम साडेतीन बार देतो, तेव्हा ग्रीन गॅस. ऋतूप्रमाणे गॅस बदला, बोल्ट आहे तोच चालेल.

हजिरा हॉप-अप

मेकॅनिक दादांशी सहमत. पण ६.०१ बॅरलवर कुणी बोललंच नाही. छर्रा ५.९५ चा, बॅरल ६.०१ ची, मध्ये उरले ०.०६ मिलिमीटर. तिघऱ्याकडच्या मैदानात दगडाची बारीक भुकटी उडते. एक छर्रा जमिनीवरून उचलून परत मॅगझीनमध्ये भरला की तो अडकलाच. मागचा त्याच्यावर चढतो आणि हॉप-अपचं, म्हणजे छर्ऱ्याला उलटी फिरकी देणारं रबर फाटतं. ६.०३ पुरे. दर खेळानंतर रॉडला कापडाची पट्टी, तिला आयसोप्रोपाइल अल्कोहोल, आरपार दोनदा. आणि हॉपच्या रबराला सिलिकॉन तेल लागू देऊ नका. रबर गुळगुळीत झालं की एक छर्रा आभाळात आणि दुसरा पायाशी.

बाड्यावरचा

एवढा खर्च कशाला? १३४ए महाग, ग्रीन गॅस मिळत नाही. प्रोपेनच हवं तर घरच्या सिलिंडरमधून छोट्या नळीने भरता येतं. व्हिडिओ आहेत.

मुरार मेकॅनिक

हे इथे लिहू नका. मॉडरेटरनी ही प्रतिक्रिया काढावी. घरगुती गॅस प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण असतो. त्यात तेल नसतं, आणि हवेत दोन टक्के झाला की पेट घेतो. स्वयंपाकघरात शेगडी पेटलेली असताना नळीतून भरताय आणि फिल व्हॉल्व्हवर फवारा उडाला तर काय होईल ते मी सांगायची गरज नाही. शिवाय सिलिंडरमधून असा गॅस काढणं बेकायदेशीर आहे. लायटरचं ब्युटेन भरणाऱ्यांनाही सांगतो, वीस अंशांना त्याचा दाब दोन बारच्या आसपास असतो. बोल्ट हलणारसुद्धा नाही.

रसायनवाली

सिलिंडरवर दादांनी योग्य तेच सांगितलं, पण १३४ए ची एवढी जाहिरात मला पटत नाही. या वायूचा हवामानावरचा परिणाम शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट धरतात. साडेचारशे ग्रॅमचा एक कॅन हवेत सोडला म्हणजे साधारण ६४३ किलो कार्बन डायऑक्साइड सोडला. प्रोपेनचा परिणाम त्यापुढे नगण्य आहे. मॉन्ट्रियल करारातल्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीप्रमाणे भारतात असल्या वायूंचा वापर २०२८ पासून गोठवायचा आहे. आणि आपण तो छर्रे उडवायला वापरतो.

मुरार मेकॅनिक

ताई, शहरातल्या जुन्या गाड्यांच्या एसीतून रोज किती गळतो, तो हिशेब मांडा. आधी तो थांबवा. शनिवारी चार पोरं खेळतात त्यांच्यावर का?

रसायनवाली

एसीमध्ये तो बंद वर्तुळात फिरतो, गळला तर दोष मानतात. इथे हवेत सोडणं हाच वापर आहे. दोन्ही एका तराजूत घालू नका. आणि तुम्ही स्वतः एसीवाले आहात, गॅस परत खेचून घ्यायचं मशीन कशासाठी असतं हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे.

कंपूकर

धागा बंदुकीचा आहे की ओझोनचा?

रसायनवाली

ओझोनचा संबंध नाही, १३४ए मध्ये क्लोरीन नसतं. वाचून लिहा. मी खेळू नका म्हटलं नाही. पस्तीस अंशांपर्यंत ग्रीन गॅस व्यवस्थित चालतो. मॅगझीन सावलीत, ओल्या फडक्यात ठेवा. चाळिशी ओलांडल्यावरच १३४ए काढा. भरताना फवारा कमी उडवा: कॅन उलटा, मॅगझीन उलटं, कॅनचं नोझल सरळ दाबून सहा-सात सेकंद. वाकडं धरलं की निम्मा हवेत जातो आणि बोटं गारठतात. सिगरेट लांब ठेवा. १३४ए पेटत नाही, पण ज्वाळेत त्याचं विघटन होऊन हायड्रोजन फ्लोराइड होतं.

मुरार मेकॅनिक

चाळिशीची मर्यादा मान्य. बाकी मान्य नाही. आणि ओल्या फडक्यातलं मॅगझीन पुसून कोरडं केल्याशिवाय बंदुकीत घालू नका. स्प्रिंगा गंजतात.

नया बाजार ऑटो

सीलवरच बोलायचं तर ओरिजिनलच्या मागे लागू नका. व्हर्नियरने आतला व्यास आणि जाडी मोजा, हायड्रॉलिकच्या दुकानात व्हायटॉन रबराच्या ओ-रिंग मिळतात. सगळ्यात महाग आणि सगळ्यात टिकाऊ.

मुरार मेकॅनिक

साफ चूक. व्हायटॉन तेलाला आणि उष्णतेला चांगलं, पण १३४ए मध्ये फुगतं. दोन खेळांत व्हॉल्व्ह अडकेल. गाड्यांच्या एसीत हिरव्या रंगाच्या एचएनबीआर रबराच्या रिंगा असतात, त्या घ्या, दोन्ही गॅसला चालतात. साध्या नायट्राइल रबरावरही काम भागतं, कडकपणा सत्तर शोअर. सिलिकॉनची रिंग मात्र अजिबात नको. सिलिकॉन तेल लागलं की सिलिकॉनचंच रबर फुगतं.

नया बाजार ऑटो

व्हायटॉन बाद, ठीक. पण मोजून घ्या हे तरी बरोबरच सांगितलं होतं.

लष्करवाला

धागा गॅसमध्येच अडकलाय, परत बोल्टवर येतो. कंपूकर, खाच झिजते हा मुद्दा खरा. पण त्यासाठी अख्खा बोल्ट का? आधी बघा की खाच का झिजते. मॅगझीनमधला फॉलोअर (छर्रे वर ढकलणारा तुकडा) बोल्ट-कॅच पूर्ण वर ढकलत नसेल तर कॅच टोकावर अडकतो आणि टोकच कापलं जातं. कॅचची छोटी स्प्रिंग आणि मॅगझीनची स्प्रिंग आधी तपासा. कॅच स्टीलचा आणि बोल्ट झिंकचा झाला तर कॅच बोल्टला खाईल, हेही लक्षात घ्या. काही मॉडेलच्या बोल्टला खाचेच्या जागी स्टीलचा तुकडा बसवता येतो. तेवढाच टाका. वजन फारसं वाढत नाही.

आणि बोल्टला दोष देण्याआधी नोझलच्या आतल्या पिस्टनची ओ-रिंग तपासा. बोल्ट बाहेर काढा, नोझल पुढे ओढून धरा, त्याचं पुढचं तोंड आणि खालचं गॅसचं भोक दोन्ही बोटांनी बंद करा, आणि नोझल आत ढकला. हवा दाबल्यासारखा अडथळा जाणवला पाहिजे. सुळकन आत गेलं तर रिंग गेली. नोझलची रिटर्न स्प्रिंग लांब पडली असेल तर नोझल आळसावतं आणि एकाच वेळी दोन छर्रे चेंबरमध्ये जातात. या दोन वस्तूंचा खर्च बोल्टच्या शेजारी काहीच नाही.

कंपूकर

तुकडा बसवायचा म्हणजे बोल्टमध्ये मिलिंग करायचं. ते लेथवाल्याकडून नीट होत नाही, एक रेघ इकडेतिकडे झाली की बोल्ट भंगारात. सगळ्यांकडे तुमच्यासारखी हत्यारं नाहीत. म्हणून तयार बोल्ट सांगतो. स्प्रिंगबद्दल तुमचं चालेल. हिवाळ्यात मूळचीच ठेवा. उन्हाळ्यात मात्र ग्रीन गॅसवर मूळ स्प्रिंग ठेवली की बोल्ट मागच्या भिंतीवर आपटतो आणि रिसीव्हरची (बंदुकीच्या मुख्य सांगाड्याची) पिन वाकते. तेव्हा कडकच हवी.

हजिरा हॉप-अप

त्यासाठीही स्प्रिंग नको, मागे रबराचा बफर लावा. दोन मिलिमीटरपेक्षा जाड नको, नाहीतर बोल्टची चाल कमी होऊन कॅचच लागणार नाही. बाकी नोझलमधला फ्लोटिंग व्हॉल्व्ह फिरवता येणारा घ्या. त्याने छर्ऱ्याकडे जाणारा गॅस कमी-जास्त करता येतो, म्हणजे वेग आवरतो आणि किक तशीच राहते. पण क्रोनो, म्हणजे यंत्रावर वेगाची मोजणी, खेळाच्याच छर्ऱ्याने करा. ०.२० ग्रॅमच्या छर्ऱ्याने १०० मीटर प्रतिसेकंद म्हणजे १ ज्यूल. तीच बंदूक ०.२८ ने ९० दाखवत असेल तर १.१३ ज्यूल झाले. जड छर्रा बॅरलमध्ये जास्त वेळ राहतो आणि गॅस त्याला ढकलत राहतो. ०.२० ने पास होऊन ०.२८ ने खेळणारे समोरच्याच्या अंगावर वळ उठवतात, त्यांच्यावर आपल्याकडे कुणी बोलत नाही.

कंपूकर

तो टोमणा मला असेल तर सरळ नाव घ्या.

हजिरा हॉप-अप

नाव घेण्यासारखे बरेच आहेत. यापुढे क्रोनोच्या टेबलावर वजनकाटा ठेवा, प्रत्येकाच्या मॅगझीनमधले दहा छर्रे काढून मोजा. दहाचे २.८ ग्रॅम भरले तर ते ०.२८ आहेत. वाद संपला.

कंपूकर

ठेवा. माझे पहिले मोजा.

लष्करवाला

वजनकाटा मी आणतो. ज्या पोरांनी बोल्ट मागवलाय त्यांना एवढंच: पार्ट आला तरी लगेच बसवू नका. आधी हॅमर आणि सिअर (हॅमरला अडवून धरणारा तुकडा) स्टीलचे आहेत का बघा, चुंबक लावून. झिंकचे असतील तर स्टीलचा बोल्ट त्यांचीच धार उडवेल आणि सिंगलवर ठेवलेली बंदूक एकदम दोन-तीन टाकेल. बोल्टच्या रुळांवर ग्रीस नुसतं बोटाने पुसून लावा. जाड थर लावला की आपली धूळ त्यात बसून पॉलिश पेपर होतो. आतले स्क्रू निळ्या थ्रेडलॉकरने (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाने) बसवा, लाल नको, परत निघणार नाहीत.

बाड्यावरचा

सिलिंडरचं डोक्यातून काढून टाकलंय. १३४ए चा कॅन घेताना काय बघायचं तेवढं सांगा.

मुरार मेकॅनिक

कॅनवर लीक सीलर, यूव्ही डाय (गळती शोधायचा रंग) किंवा पीएजी ऑइल (एसीचं तेल) लिहिलं असेल तर घेऊ नका. सीलर व्हॉल्व्हमध्ये घट्ट होतं आणि मॅगझीन कायमचं जातं. शुद्ध १३४ए घ्या. त्यात तेल नसतं, म्हणून दर तीन-चार भरण्यांनंतर फिल व्हॉल्व्हमध्ये सिलिकॉन तेलाचे दोन थेंब टाकून मग भरा. कॅनचं तोंड आट्यांचं असतं, त्याला पितळी टॅप आणि एअरसॉफ्टचं अॅडॉप्टर लागेल. प्लास्टिकचा टॅप नको, थंडीने तडकतो.