प्लगच्या मापातच गोम आहे
ट्रॅव्हर्टाइन (झऱ्याच्या पाण्यातून साचलेला चुनखडीचा दगड) तेल साठवणारा खडक असेल, तर त्याची सच्छिद्रता (पोकळ जागेचं प्रमाण) जास्त म्हणजे पार्यताही (द्रव आरपार वाहू देण्याची क्षमता) जास्तच, असं म्हटलं जातं; ते मला अर्धंच पटतं. पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या नसतील तर तेल पुढे सरकणार कुठून? लव्हाळ्याचे देठ कुजून उरलेल्या नळ्या जोडलेल्या असतात, कॅल्साइटचं (चुनखडीतल्या खनिजाचं) कवच चढलेले बुडबुडे बहुधा नसतात.

शिवाय मोजणीतच घोळ होतो. २.५ सेंमी व्यासाचा प्लग (मोजणीसाठी खडकातून कापलेला छोटा दंडगोल) काढताना कडेला अर्धी कापलेली पोकळी राहते. एकूण घनफळासाठी तो पाऱ्यात बुडवला की पारा तिच्यात शिरतो, घनफळ कमी भरतं आणि सच्छिद्रता खोटी कमी दिसते. अशा नमुन्याचं घनफळ कॅलिपरनेच काढावं. त्यात भर म्हणजे कापताना पोकळ जागी प्लग तुटतो, म्हणजे हाती फक्त घट्ट दगड लागतो! म्हणून १० सेंमी व्यासाचा अख्खा गाभा (विहिरीतून काढलेला खडकाचा दंडगोल) सीटी स्कॅन करून घ्यावा आणि पार्यता थराला समांतर व लंब, दोन्ही दिशांनी मोजावी.