रि: वॅक्सहॅची सहल – बस आज ठरवायची आहे

मंडळी, बसवाल्याला रात्रीपर्यंत कळवायचंय. वॅक्सहॅचीची जुनी कोर्ट-कचेरी बघायला शनिवार पक्का ना? पुऱ्या वहिनींकडे. श्रीखंडाला या वेळी बर्फाची पेटी हवीच, पिकनिकला काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.
– मंजिरी

शनिवारी कचेरी बंद. मग काय, नुसते बाहेरून फोटो? ती बांधणारा वास्तुविशारद जेम्स रायली गॉर्डन, त्याची खरी करामत आत आहे. फुलीसारखा नकाशा, कोपऱ्यांत पोर्च, मधोमध जिना. पोर्चमधून वारा आत येणार, गरम हवा जिन्यावरून मनोऱ्यातून बाहेर. 1897 साली टेक्सासच्या उन्हाळ्यात वकील कोट घालून उभे राहायचे ते त्याच्या भरवशावर. शुक्रवारी रजा टाका.
– नितीन

रजा तुम्हाला मिळते, सगळ्यांना नाही. आणि बाहेरून बघण्यासारखं नाही हे कुणी सांगितलं? लाल सँडस्टोन, गुलाबी ग्रॅनाइट, नुसत्या भिंती बघत तासभर जातो. शिवाय खांबांवरचे चेहरे! पाथरवट हॅरी हर्ली घरमालकिणीकडच्या मेबल नावाच्या मुलीवर भाळला, तिनं धूप घातली नाही, तसतसे चेहरे बिघडत गेले. आधी गोड मुलगी, शेवटी दात विचकणारी हडळ.
– अरुणकाका

काका, ही गोष्ट तिथले इतिहासवालेही मानत नाहीत. मुलांना ती खरी म्हणून सांगू नका. आपल्या मुंबई हायकोर्टात एका डोळ्यावर पट्टी बांधलेलं, हातात तराजू घेतलेलं माकड आहे, त्याच्यामागेही कंत्राटदाराच्या सुडाची कथा सांगतात. सासरे तिथे वकिली करायचे. नवीन अशिलाला आधी माकड दाखवायचे, मग फी सांगायचे.
– शुभदा

शुभदा, सासऱ्यांची फी किती होती? 😀
– नितीन

आम्हा उत्तरेकडच्यांना वॅक्सहॅची फार लांब पडतं. डिकेटरला वाइज काउंटीचं कोर्ट आहे, तेही गॉर्डनचंच, 1896 चं, जवळजवळ जुळं भावंड, आणि सगळं गुलाबी ग्रॅनाइटचं. तिकडे का नको?
– प्रसाद

प्रसाद, गेल्या वर्षीही ऐन वेळी जागा तुम्हीच बदलायला लावलीत. जागा सहल समिती ठरवते. आणि मेबलची गोष्ट मी सांगणारच, मुलं तेवढ्यासाठीच बसमधून उतरतात.
– अरुणकाका

वाद नंतर घाला. शुक्रवार की शनिवार, एवढंच लिहा. बसवाल्याचा परत फोन येतोय.
– मंजिरी

शनिवार. पण पुऱ्या माझ्याकडे कधी ठरल्या?
– वहिनी