एक हात म्हणजे किती फर्मी? लेकीचा तक्ता अडकलाय

दोरवाला_माजलगाव

नमस्कार मंडळी. माजलगावात माझं दोरखंडाचं दुकान आहे. कासरे, दावी, वेसणी, पोळा जवळ आला की गोंडे आणि म्होरक्या. दहावी करून गल्ल्यावर बसलो, तेव्हा प्रश्न अडाण्याचा वाटला तर सांभाळून घ्या.

थोरली नववीला आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं ‘फर्मीपासून कोसापर्यंत’ असा लांबीच्या मापांचा तक्ता घेतलाय. हात, वीत, बोट हे दुकानातून उचललं, फर्मी हे अणूच्या आतलं बारीक माप पुस्तकातून. मोबाईलवर एका हाताचे फर्मी केले तर ‘४.५७२ई+१४’ असं आलं. तिनं ४५७२ लिहून पुढं मोजून चौदा शून्यं काढली, तीही स्केचपेननं. सर म्हणले चूक आहे. काय चूक ते सांगितलं नाही. सोमवारी तक्ता द्यायचाय आणि ती आता रडायलीय.

दुसरं म्हणजे, हा ४५.७२ सेंटिमीटरचा हात नेमका कुणाचा? आम्ही टेप लावला. कोपरापासून मधल्या बोटाच्या शेंड्यापर्यंत अण्णांचा (माझे वडील) ४४.७, माझा ४६.५, तिचा ४१. दुकानात ह्याच्यावरून कायम कटकट. मागच्या पोळ्याला एक जण बारा हात कासरा घ्यायला आला तो सहाफुटी भाच्याला घेऊनच, ‘मोजायचं काम हा करंल’ म्हणला. तेव्हापासून फळीवर दोन खिळे ठोकलेत, मधे बरोबर दीड फूट. तर तक्त्यावर कुणाचा हात लिहावा?

सेलूचा_लॅबवाला

दादा, लेकीला म्हणावं रडू नको, चूक फक्त हजारपट आहे. आमच्याकडं बीएस्सीची पोरंसुद्धा हेच करतात.

‘ई+१४’ म्हणजे चौदा शून्यं चिकटवा असं नाही. दशांशचिन्ह चौदा घरं उजवीकडं सरकवायचं. त्यातली तीन घरं ५, ७, २ यांनीच अडवली, उरली अकरा. म्हणून ४५७२ आणि पुढं अकरा शून्यं.

खरं तर मोबाईलची गरजच नव्हती. एक मीटर म्हणजे १० चा १५ वा घात इतके फर्मी. (फर्मी हे एन्रिको फर्मीच्या नावावरून पडलेलं लाडकं नाव, पुस्तकी नाव फेम्टोमीटर.) हात म्हणजे ०.४५ मीटर, म्हणून ४.५ गुणिले १० चा १४ वा घात. तोंडानं सांगायचं तर साडेचार कोटी कोटी. प्रोटॉनची त्रिज्या ०.८४ फर्मी, म्हणजे एका हातात प्रोटॉन ओळीनं लावले तर अंदाजे पावणेतीन कोटी कोटी बसतील.

आणि ते ‘७२’ खोडा. तुमच्या आणि अण्णांच्या हातातच पावणेदोन सेंटिमीटरचा फरक आहे, तिथं सेंटिमीटरच्या खालचे आकडे लिहून काय उपयोग? फर्मी कितीही बारीक असला तरी मोजलं हातानंच ना. एकक बारीक केल्यानं माप बारीक होत नाही.

गोदाकाठ

कोटी कोटी कशाला? भास्कराचार्यांच्या लीलावतीत १० च्या १४ व्या घाताला नावच आहे, जलधी. साडेचार जलधी फर्मी म्हणजे एक हात. त्याच्या वरचं नाव अंत्य, म्हणजे एक मीटर बरोबर एक अंत्य फर्मी. खालचा शंकू, म्हणजे एक बोट जवळजवळ दोन शंकू. शिवाय ८ जवांचं बोट, २४ बोटांचा हात, हेही तिथंच आहे. आणि कौटिल्यानं तर थेट परमाणूपासून सुरुवात केलीय. आपल्याकडं अणूचं माप आधीच होतं, आपणच विसरलो.

नांदेडची_मावशी

गोदाकाठ, जलधी फार आवडलं. पण परमाणूचं जरा मांडून बघू या.

अर्थशास्त्रात ८ परमाणूंचा रथाच्या चाकानं उडालेला एक धूलिकण, ८ कणांची एक लीख, ८ लिखांची एक ऊ, ८ उवांचा एक जव, ८ जवांचं एक बोट. पाच वेळा आठ, म्हणजे एका बोटात ३२,७६८ परमाणू. दोरवाल्या दादांच्या खिळ्यांवरून बोट धरलं १.९ सेंटिमीटर, तर परमाणू येतो मिलिमीटरचा साधारण सतराशेवा भाग, ०.५८ मायक्रॉन. पिवळ्या उजेडाची तरंगलांबी जवळपास तेवढीच असते. हायड्रोजनचे साडेपाच हजार अणू ओळीनं लावावेत तेव्हा हा परमाणू भरतो. तेव्हा तो अणू नव्हे. धुळीच्या कणाला अर्धं, अर्ध्याचं अर्धं करत मनानं जिथवर जाता येतं ते टोक आहे, आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं. (ऊ मात्र पाव-एक मिलिमीटरचीच निघते. आमच्या लहानपणी याहून दांडग्या होत्या.)

आणि दादा, ‘कुणाचा हात’ हा तुमचा प्रश्न कौटिल्यालाही पडला होता. त्यानं मध्यम माणसाच्या मधल्या बोटाची मधली रुंदी धरायला सांगितलीय. भाच्याला घेऊन येणारं गिऱ्हाईक तेव्हाही असणारच.

सेलूचा_लॅबवाला

मावशी, भारी. एक राहिलं. अण्णांचा आणि दादांचा हात यात ४ टक्के फरक पडतो. प्रोटॉनच्या त्रिज्येवरूनही एवढ्याच फरकाचा वाद झालाय. आधीचा मान्य आकडा ०.८७७ फर्मीच्या आसपास होता. २०१० मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेत इलेक्ट्रॉनच्या जागी म्यूऑन (इलेक्ट्रॉनचाच जड भाऊ) बसवलेल्या हायड्रोजनवर मोजलं तर ०.८४२ आला. फरक तोच, ४ टक्के. पण तिथं दोन्ही बाजूंनी चूक एक टक्क्याच्या आत सांगितली होती, म्हणून कुणालाच ‘चालतंय’ म्हणता येईना. पुढं मोजमापं ०.८४ कडं झुकली. लेकीला सांगा, आकड्याशेजारी ‘इतकं इकडं-तिकडं’ लिहिलं की सर खूश.

दोरवाला_माजलगाव

सगळ्यांचे आभार. शून्यांवर पांढरी पट्टी चिकटवली आणि वर ‘४.५ जलधी फर्मी’ लिहिलं. खाली बारीक अक्षरात ‘हात : आजोबांचा, ४४.७ सें.मी., दोन सें.मी. इकडं-तिकडं’. अण्णांना दाखवलं तर ते आधी नाराज झाले, माझ्या हातात कसलं इकडं-तिकडं म्हणले. लीख आणि ऊसुद्धा घेतली तक्त्यात, चित्रासकट. आई म्हणती शोभत नाही, पण लेक ऐकायली नाही.

पोळ्याला कुणाला कासरा लागला तर या. खिळ्यावर मोजून देतो आणि वर चार बोटं आमच्याकडून. त्याचे फर्मी तुमचे तुम्ही काढा.