डोक्याला लागलं की त्या दिवसाची मॅच संपली, हा नियम आपल्या कबड्डीत आणायचा की नाही?

रेशीमबागचा_रेडर
वाद होणार माहीत आहे तरी धागा काढून राहिलो. मागच्या रविवारी नंदनवनकडे एका मंडळाची स्पर्धा बघायला गेलो होतो (नाव घेत नाही, सगळीकडे हेच चालते), किशोर गट. डाव्या कॉर्नरच्या पोट्ट्याने रेडरचा घोटा धरला, मस्त धरला, रेडर सुटायला उसळला आणि त्याचा गुडघा खाडकन याच्या कानशिलावर. पोट्टं तिथंच बसलं. कोच धावत आला, तोंडावर पाणी, मानेवर कोल्ड स्प्रे, मग ते आपलं नेहमीचं "किती बोटं आहेत सांग". दोन म्हणाला, बरोबर निघालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, खेळ सुरू. पुढच्या रेडला हा पोट्टा उजव्या कॉर्नरला जाऊन उभा! सोबतच्याने दंड धरून त्याला त्याच्या जागेवर आणला तर प्रेक्षक हसून राहिले. मला नाही हसू आलं बाप्पा.

माझं म्हणणं एवढंच, डोक्याला मार लागला आणि जरा जरी शंका आली की तो खेळाडू त्या दिवशी परत मॅटवर येणार नाही. आणि हे ठरवणार टेबल किंवा पंच, कोच नाही आणि तो पोट्टा तर नाहीच. स्पर्धेच्या नियमपत्रकातच छापून टाका. राखीव खेळाडू बसलेलेच असतात.

महालचा_बंड्या
राजा, कबड्डी आहे का लुडो? आमी मातीत खेळलो, गुडघे फुटले, दात पडले, कोणी टेबलवर बसून आमाले घरी नाही पाठवलं. आणि तुझा नियम आला ना तर पहिल्याच सेमीफायनलले काय होईन सांगतो, समोरच्याचा मेन रेडर बाहेर काढायचा आहे, ठेव एक कोपर त्याच्या डोक्यावर, झाला दिवसभर बाहेर. मार खाणाऱ्यालेच शिक्षा! मैदान पाहिलेला माणूस असा नियम नाही करत.

मेडिकल_चौक
बंड्याभाऊ, कोपर मारणाऱ्यासाठी कार्ड आहे ना. हिरवं वॉर्निंगचं, पिवळं दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे त्याची मॅचच संपली. ते काढा की खिशातून.

बाकी धाग्यातल्या किश्शावर बोलतो, फिजिओ आहे, हे रोजचं काम आहे. बोटं मोजता येणं म्हणजे डोकं ठीक असणं नाही. कन्कशनमध्ये, म्हणजे मार लागून मेंदू हादरतो त्यात, बहुतेक जण बेशुद्ध पडतच नाहीत, सीटी स्कॅनही बरेचदा नॉर्मल येतो, कारण तो रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर दाखवतो, मेंदू हादरलाय ते नाही. विचारायचंच असेल तर हे विचारा: आपण कोणत्या मैदानावर आहोत, पहिला हाफ की दुसरा, शेवटचा पॉइंट कोणी घेतला, याआधीची मॅच कोणाशी होती, जिंकलो का. एक जरी चुकलं तरी बाहेर. आणि सगळी बरोबर आली म्हणून लगेच आत सोडायचं असंही नाही, त्रास कधी कधी काही तासांनी सुरू होतो. तुमचा तो पोट्टा चुकीच्या कॉर्नरला गेला तेव्हाच त्याने उत्तर दिलं होतं.

कामठी_लेफ्टविंग
फिजिओसाहेब, कागदावर झकास. पण सवलत दिली की तिचा फायदा घेणारे आलेच. क्रिकेटमध्ये २०१९ पासून कन्कशन सब्स्टिट्यूट आहे. २०२० ला कॅनबेराच्या टी-ट्वेंटीत जडेजाच्या हेल्मेटला बॉल लागला, त्याच्या जागी चहल आला, ३ विकेट काढून मॅन ऑफ द मॅच. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात तर बॅटिंग ऑलराउंडर शिवम दुबेच्या जागी हर्षित राणा, प्रॉपर फास्ट बोलर, त्यानेही ३ घेतल्या आणि इंग्लंडचा कॅप्टन बटलर उघड म्हणाला की हे आम्हाला मान्य नाही. एवढे कॅमेरे, मॅच रेफरी असून हे होते, तर आपल्या चिटणीस पार्कात काय होईल विचार करा.

रेशीमबागचा_रेडर
अरे पण तिथे भांडण काहून झालं? क्रिकेटमध्ये एरवी बदली खेळाडूला बोलिंग-बॅटिंग करता येत नाही म्हणून. कबड्डीत बदली खेळाडू तसाही चालतो ना, मग खोटं डोकं धरून पडण्यात फायदा काय? उलट आपला चांगला खेळाडू दिवसभरासाठी गेला.

सक्करदरा_ताई
मी आईच्या बाजूने लिहिते, माझा मुलगा खेळतो. नियमाला नाही म्हणत नाही, पण तुम्ही सगळे मोठ्यांसारखा विचार करता आहात. आमच्या पोरांना दहावी-बारावीला क्रीडा गुण हवे असतात, पुढे नोकरीत खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण डोळ्यासमोर असतं, आणि निवड चाचणी वर्षातून एकदाच. असा नियम आला की पोरं सांगणारच नाहीत. आता निदान "आई डोकं दुखतंय" तरी म्हणतो. उद्या तेही गिळून टाकेल.

मेडिकल_चौक
ताई, मुद्दा अगदी खरा आहे. लपवणारच, आत्ताही लपवतात. म्हणूनच खेळाडूला विचारून ठरवायचं नाही म्हणतो, लांबून बघणाऱ्याने ठरवायचं: उठताना झोक गेला का, डोळे शून्यात आहेत का, जागा चुकतो का. निवड चाचणीतल्या पोराला दुसऱ्या तारखेला परत संधी, हे मात्र छापून द्यायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणता तसंच होईल.

क्रिकेटर रमण लांबाचं आठवतं कोणाला? फेब्रुवारी १९९८, ढाका, क्लबची मॅच, हेल्मेट न घालता शॉर्ट लेगला उभा. फटका त्याच्या डोक्याला लागून उडाला आणि कीपरने कॅचही पकडला. लांबा स्वतःच्या पायाने चालत बाहेर गेला. तीन दिवसांनी वारला. चालत जाणारा माणूस ठीकच असतो हे डोक्यातून काढा.

महालचा_बंड्या
क्रिकेटचा बॉल आणि आमचा गुडघा एक झाला का बे? आणि उदाहरणंच द्यायची तर नरी कॉन्ट्रॅक्टरचं दे ना, १९६२ ले ग्रिफिथच्या बॉलनं कवटी फुटली, तरी गडी परत क्रिकेट खेळलाच.

कामठी_लेफ्टविंग
बंड्या, मी तुझ्याच बाजूने आहे पण हे उदाहरण नको देऊ 😅 तो भारताचा कॅप्टन होता, वय २८, त्यानंतर एकही टेस्ट नाही. फ्रँक वॉरेलने रक्त दिलं त्याला.

महालचा_बंड्या
बरं ठीक. मग हेडगिअर द्या ना पोट्ट्यांले, विषय संपला.

मेडिकल_चौक
नाही संपत. हेडगिअरने कातडी फुटत नाही, टाके वाचतात. मेंदू आत कवटीवर आपटतो त्याला ते काय करणार? घागर बाहेरून कितीही गोधडीत गुंडाळा, हिसका बसला की आतलं पाणी हेंदकाळणारच. ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या बॉक्सिंगमधून हेडगिअर २०१६ च्या रिओपासून काढूनच टाकलं. आणि आपण नागपूरकर हेल्मेट गाडीच्या डिक्कीत ठेवणारे लोक, मॅटवर घालू होय!

खरी भीती दुसऱ्या माराची आहे. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला अचानक सूज येऊ शकते, आणि यात जास्त करून कोवळी पोरंच सापडतात. २०११ ला उत्तर आयर्लंडमध्ये १४ वर्षांचा शाळकरी पोरगा रग्बीच्या एकाच मॅचमध्ये पुन्हा पुन्हा मार लागूनही खेळत राहिला, शेवटी मैदानावरच कोसळला आणि वाचला नाही. म्हणून "त्या दिवशी परत नाही". घरी नेल्यावर एक-दोन दिवस आराम, मग हळूहळू चालणं, पळणं, एकट्याने सराव, आणि पकडापकडी सगळ्यात शेवटी, तीही डॉक्टरने हो म्हटल्यावर. उलट्या, वाढती डोकेदुखी, झोपेतून नीट उठत नाही असं दिसलं तर मात्र रात्रीच मेडिकल नाहीतर मेयो हॉस्पिटल गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही.

महालचा_बंड्या
हे समजलं. पण टेबलवर बसणार कोण ते कोणी बोलून नाही राहिलं. हिंगण्याच्या पुढच्या गावात स्पर्धा घेतो तर पंचाले पेट्रोलचे पैसे देता देता नाकी नऊ येतात, तिथं डॉक्टर कुठून आणू? आणि ते लाल कार्ड म्हणता, गावात घरच्या टीमले लाल कार्ड दाखवलं तर पंचाले बसस्टँडवर पोहोचवून द्याले चार माणसं लागतात.

रेशीमबागचा_रेडर
डॉक्टर नाही लागत भाऊ. दोन्ही टीमशी संबंध नसलेला एक माणूस, हातात त्या पाच प्रश्नांचा कागद. शाळेचे पीटी सर बसवा. फक्त त्याने बस म्हटलं की बस, मंडळाच्या अध्यक्षानेही मध्ये बोलायचं नाही.

सक्करदरा_ताई
अध्यक्ष मध्ये बोलणार नाहीत? कोणत्या नागपुरात राहता तुम्ही?

महालचा_बंड्या
😂 ताई बरोबर बोलल्या. चला, आमच्या मंडळाची स्पर्धा डिसेंबरात आहे, किशोर गटापुरतं मी कमिटीत टाकून पाहतो. ओपनले नाही.

मेडिकल_चौक
काहून, ओपनवाल्यांची कवटी लोखंडाची आहे का?

महालचा_बंड्या
ओपनले फ्रिज असते बक्षीस, राजा. फायनलले कोणाले बाहेर बसवून दाखव तू.