एकट्याच्या सायकल मोहिमेत पूर्ण थांब्याचा दिवस हवा की नको?

माळरान:
संभाजीनगरहून निघून पैठण, बीड, अंबाजोगाई करत चौथ्या दिवशी लातूरला पोचलो, एकटाच. पाचव्या दिवशी औशावरून तुळजापूर गाठायचं होतं. सकाळी पुढच्या चाकात हवा कमी. व्हॉल्व्ह सैल असेल असं धरून दोन दिवस नुसता पंप मारून निघत होतो. त्या दिवशी लॉजच्या मागे बादलीत ट्यूब बुडवली, तर एका जागेवरून मोहरीएवढे बुडबुडे सुटत होते. टायरच्या आतून बोट फिरवलं आणि बाभळीच्या काट्याचं टोक टोचलं.

ठिगळ लावेपर्यंत साडेनऊ झाले. शेजारच्या घरातले काका म्हणाले, "पाव्हणं, आज येळवस हाय. रस्त्यावर च्या बी मिळायचा न्हाई. चला रानात." येळवस म्हणजे वेळ अमावस्या, सगळं गाव रानात जाऊन जेवतं तो सण.

गेलो. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, आत चुना लावलेले पाच दगड, पाच पांडव म्हणून पुजलेले. तूर, वाटाणा, हरभरा आणि हाताला येईल ती पालेभाजी घातलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. आणि बिंदग्यातली गार आंबील. नको म्हणेपर्यंत तांब्या पुन्हा भरलेला असायचा. जेवून हरभऱ्याच्या बांधावर झोपलो ते ऊन कलेपर्यंत.

दिवसभरात एक किलोमीटरही झाला नाही. माझं मत असं झालंय, की आठवड्याहून लांबच्या मोहिमेत असा एक दिवस निघायच्या आधीच हिशेबात धरावा. तुम्हाला काय वाटतं?

सरळ_हँडल:
येळवशीचं जेवण नशिबात होतं, चांगलंच झालं. पण मत पटलं नाही. पंक्चर संध्याकाळी अर्ध्या तासात निघतं, त्याला अख्खा दिवस कशाला? ६०० किमीच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीला, ४० तास असतात, त्यात झोपही बसवावी लागते. तिथे एकच गोष्ट शिकलो: बैठक मोडली की परत चढणं जड जातं. पाय आखडतात, मन घराकडे वळतं. थांबण्यापेक्षा ३०-४० किमी हळू चालवा. औशाचा किल्ला बघून आला असतात तर पायही मोकळे राहिले असते आणि दिवसही कारणी लागला असता. नोकरी करणाऱ्याला रजा मिळते आठ-नऊ दिवस. त्यातला एक झोपून घालवायचा हे मला जमणार नाही.

दुधनाकाठ:
सरळ_हँडल, ब्रेव्हे आणि मोहीम यांची तुलनाच चुकतेय. तिथे ४० तासांनी घरी जाऊन दोन दिवस झोपता येतं. इथे मागे १२-१५ किलोचं सामान आणि रोज सकाळी तेच खोगीर. स्नायूंमधलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, पार संपलं तर पोटभर जेवूनही भरून यायला साधारण २४ तास लागतात. आणि मांडीला सीटचं घासलं असेल तर ती कातडी दाबापासून सुटल्याशिवाय बरी होत नाही. मग ४० किमी हळू चालवलं काय आणि जोरात काय, बूड सीटवरच. मी एकदा परळी ते औंढा असाच हट्टाने गेलो. पुढे चार दिवस पालथं झोपावं लागलं.

रानजाई:
मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. मी बाई आहे आणि एकटीच फिरते. माझ्यासाठी चालता दिवस सोपा, थांबलेला अवघड. रस्त्यावर मी "सायकलवाली ताई" असते. पोरं हात करतात, बायका पाणी देतात. एका गावात दोन रात्री राहिले की तीच मी "ही इथं का थांबलीय?" होते. एकट्या बाईला खोली देत नाही म्हणून एका लॉजवाल्याने मला संध्याकाळी सात वाजता बाहेर काढलं होतं. बांधावर ऊन कलेपर्यंत झोपायची चैन मला नाही, माळरान. सल्ला देताना ती कुणाकुणाला आहे हेही लिहावं.

माळरान:
रानजाई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता वाचल्यावर त्या दुपारीकडे वेगळं बघतोय. काकांनी मला नाव-गाव विचारायच्या आधी रानात नेलं, त्यात मी पुरुष असण्याचा वाटा होताच. तुम्ही थांबा घेतच नाही का?

सरळ_हँडल, हळू चालवायचा दिवस मीही करून पाहिलाय. पैठणहून बीडला निघालो तेव्हा तेच ठरवलं होतं, पण वारा समोरून लागला आणि ९० किमीचा दिवस अंधार पडेपर्यंत लांबला. चाकावर बसलं की दिवस आपल्या हातात राहत नाही. संध्याकाळी अर्धा तास म्हणता, पण त्याच दोन संध्याकाळी मी काटा न शोधता झोपलो होतो.

रानजाई:
घेते, पण ओळखीच्या घरी. अंबाजोगाईला मैत्रिणीची आई आहे, तिच्याकडे दोन रात्री. पहिल्या दिवशी कपडे धुते, चेन पुसते, संध्याकाळी योगेश्वरीच्या देवळात जाऊन येते. म्हणून माझा मार्ग आधी थांब्यावरून ठरतो, किलोमीटर नंतर.

सरळ_हँडल:
हे मात्र पटलं. घर असेल तर मीही थांबेन. अनोळखी गावातल्या लॉजवर अजूनही नाही. माळरान, दुसऱ्या दिवशी तुळजापूर एका दमात झालं का? पाय कसे होते?

माळरान:
पहिले वीसेक किलोमीटर जड, तुमचं खरं निघालं. औसा ओलांडल्यावर सुटले. दुपारी तुळजापुरात होतो आणि चाकातली हवा सकाळी भरली तेवढीच होती.