ठाणे, खारकर आळीजवळची जुनी बँकेची इमारत: किती जुनी असेल? पाडायच्या आधी काय बघू?

आळीकर
नमस्कार मंडळी. आमच्या आळीच्या तोंडाशी एक जुनी, तळमजला आणि वर एक मजला अशी इमारत आहे, पूर्वी तिथे सहकारी बँकेची शाखा होती, ती केव्हाच हलली आणि आता जागा रिडेव्हलपमेंटला निघालीय. मालकांनी आत फोटो काढायला परवानगी दिलीय. समोरून बघाल तर गोल कडेची आरसीसी गॅलरी आणि सिमेंटच्या उभ्या पट्ट्या, पण आत गेलं की सागवानी काउंटर, त्यावर पितळी गज, आणि कॅशियरच्या खिडकीखालची फळी हात घासून घासून मधोमध चक्क खोलगट झालीय. मागे स्ट्राँगरूम, दरवाजा अजून जागेवर. वर मंगलोरी कौलं आहेत, एक उतरवून पाहिलं तर खालच्या बाजूला बासेल मिशन आणि १८६५ असा छाप. मग इमारत १८६५ ची धरायची का? आळीतली म्हातारी माणसं "इंग्रजांच्या वेळची" एवढंच सांगतात.

चुनाविटा
१८६५ हे मंगलोरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना निघाला ते साल, त्या कौलाचं नाही. पुढे कितीतरी वर्षं तोच छाप मारत होते. पहिल्या महायुद्धानंतर हे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, त्यामुळे त्या नावाचं कौल सापडलं तर ते नक्की नंतरचं. आणि कौलं काय, दर पावसाळ्याआधी फुटकी काढून मिळतील ती बसवतात, त्यांच्यावरून वय काढूच नका. स्ट्राँगरूमचं छत बघा. ओळीने लोखंडी गर्डर आणि मधल्या गाळ्यांत विटांच्या बसक्या कमानी दिसल्या तर ते जॅक आर्च. गर्डरच्या उभ्या पत्र्यावर बनवणाऱ्याचं नाव उठावात असतं, चुन्याचे थर हलक्या हाताने खरवडा. डॉरमन लाँग असेल तर माल विलायतेहून आलेला, टाटा असेल तर १९१२ च्या नंतरचा, कारण जमशेदपूरला पोलाद त्या साली निघायला लागलं. गोल गॅलरी मात्र १९३०-४० ची फॅशन, मला वाटतं पुढचं तोंड मागाहून चिकटवलंय. बाजूच्या भिंतीत चुन्यातलं काम संपून सिमेंट सुरू होतं तिथे उभी चीर असणार, तिचा फोटो आधी काढा.

रोजकीर्द
दादा, मी पनवेलला बँकेत कॅशला होतो, रिटायर झालो, पण असली स्ट्राँगरूम रोज उघडलेली आहे. दोन चाव्या, एक मॅनेजरकडे एक हेड कॅशियरकडे, एकट्याने कुणालाच उघडता यायची नाही, म्हणून दरवाजावर दोन्ही किल्ल्यांची भोकं कुठे आहेत त्याचा जवळून फोटो घ्या. मेकरची पितळी पट्टी असेल, नंबर असेल, तो टिपा, गोदरेजने कुलपांचं काम १८९७ ला सुरू केलं आणि तिजोऱ्या त्याच्यानंतर, हे ध्यानात असू द्या. काउंटरच्या आतली आणि बाहेरची फरशी वेगळी आहे का बघा, बाहेर गिऱ्हाइकांसाठी नक्षीची आणि आत साधी असं सर्रास करायचे. नक्षीची असली तर एक सुटी फरशी उलटी करून नाव बघा, भारत टाइल्सचा पहिला कारखाना आपल्या उरणलाच होता, १९२२ चा. आणि वरचा मजला कसा होता? इंपीरियल बँकेच्या शाखांत वर एजंट, म्हणजे शाखेचा मॅनेजर, राहायचा, तीच पद्धत पुढे बऱ्याच बँकांनी उचलली. वर मोरी आणि चुलीची जागा असेल तर साहेब तिथेच राहत होते असं समजा.

कागदवाला
दोघांनी लिहिलंय ते बरोबर, पण कागद पण काढा. सिटी सर्व्हे ऑफिसातून मिळकत पत्रिका घ्या आणि त्यातले फेरफार बघा, जागा बँकेच्या नावावर कधी चढली की कायम भाड्याचीच होती ते कळेल. १९०४ च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्यानंतर निघालेल्या कितीतरी पतपेढ्या कुणाच्या तरी वाड्यात एका खोलीत सुरू झाल्या, तेव्हा घर आधीचं आणि बँक नंतर आलेली हे अगदी शक्य आहे. १ मार्च १९६६ ला बँकिंगचा कायदा सहकारी बँकांना लागू झाला, त्याच्या आधीचं रिझर्व्ह बँकेकडे शोधू नका, सहकार खात्यात विचारा. बँकेने रौप्यमहोत्सवी स्मरणिका काढली असेल तर सोन्याहून पिवळं. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारा, १८९३ पासूनची संस्था आहे.

आळीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. छत जॅक आर्चचंच निघालं! एका गर्डरवर रंगाखाली 'डॉरमन' एवढी अक्षरं स्पष्ट लागली. चीरही आहे, गॅलरीपासून साधारण दोन हात मागे, वरपासून खालपर्यंत. वर मोरी आहे, धुराड्याची खूण पण आहे. आता मिळकत पत्रिकेचा अर्ज करतो. काउंटर आणि तो दरवाजा भंगारात जाऊ नये म्हणून मालकांशी बोलणं चाललंय, ते तयार आहेत पण नवीन बिल्डिंगमध्ये एवढं वजन ठेवायचं कुठे असं विचारतात. तळमजल्याच्या लॉबीत स्ट्राँगरूमचा दरवाजा चौकटीसकट उभा करायचा झाला तर खाली वेगळा पाया घ्यावा लागेल का? चुनाविटा, तुम्ही सांगू शकाल का, पाडकाम दिवाळीनंतर आहे.